प्रौढ वाचकाची निष्ठा आणि नामविद्या : 'अर्थसी' ग्रंथमालेविषयी काही विचार

१

प्रौढ माणसाने एखाद्या अद्भुतकथेच्या मालेला वाहून घ्यावे, तिचे खंड क्रमाने व पुनःपुन्हा वाचावेत, त्यांतील बेटांची व माणसांची नावे मुखोद्गत करावीत आणि नवा खंड निघाला की जुन्या खंडांची फेरतपासणी करावी, ही गोष्ट आपल्या विद्वत्समाजात अद्यापि थोडी संकोचाचीच मानली जाते. मुलांच्या बाबतीत असा संकोच नसतो. भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेचे सारे भाग वाचून काढणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो आणि त्याला वाचनाची गोडी लागली असे म्हणतो. प्रौढाला मात्र 'नाद' लागतो. एकाच क्रियेला वयानुसार दोन शब्द लावण्याची ही रीत निव्वळ शब्दांपुरती नाही. तिच्यामागे एक वाङ्मयीन भूमिका उभी आहे आणि ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या भूमिकेचे मूळ आपल्या कादंबरीच्या इतिहासाकडे पाहण्याच्या दृष्टीत सापडते. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटना'चा (१८५७) अपवाद सोडला, तर मराठी कादंबरीची पहिली काही दशके 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कृतींनी व्यापलेली दिसतात. पुढे हरिभाऊ आपटे यांनी सामाजिक कादंबरी उभी केली आणि अद्भुताचा जोर ओसरला. हा झाला घटनाक्रम. परंतु आपण या घटनाक्रमाचेच मूल्यमापन करून टाकले : अद्भुत म्हणजे कादंबरीचे बालपण आणि वास्तव म्हणजे तिची प्रौढावस्था, असे समीकरण रूढ झाले. ते एकदा स्वीकारले की अद्भुताकडे वळणारा प्रौढ वाचक हा मागे फिरणारा वाचक ठरतो, मग तो वळलेला ग्रंथ कोणताही असो. ग्रंथ न पाहता वाचकावर निवाडा देण्याची ही पद्धत समीक्षेला शोभणारी नाही.

यास्तव प्रस्तुत लेखात एक विशिष्ट उदाहरण घेतले आहे. अमेरिकन लेखिका अर्सुला ल ग्विन (१९२९-२०१८) यांची 'अर्थसी' ही ग्रंथमाला प्रस्तुत लेखकाने प्रथम वाचली ती वयाची चाळिशी उलटल्यावर, आणि तेव्हापासून तो तिचा निष्ठावंत वाचक आहे. या निष्ठेचे समर्थन करणे हा येथील हेतू नाही. ती कशाने जडते, ती समीक्षेच्या आड येते काय, आणि प्रौढपणी जडल्याने तिच्या स्वरूपात काही फरक पडतो काय, एवढे तीनच प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

२

प्रथम ग्रंथांची हकीकत. १९६७ साली कॅलिफोर्नियातील पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेच्या चालकांनी ल ग्विन यांच्याकडे जाणत्या मुलांसाठी एक पुस्तक मागितले. त्यातून 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) ही पहिली कादंबरी जन्मास आली. या द्वीपसमूहाची बीजे मात्र त्यापूर्वीच, १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन लघुकथांत पडली होती. पुढे 'द टूम्ज ऑफ अटुआन' (१९७१) आणि 'द फार्देस्ट शोअर' (१९७२) या कादंबऱ्या निघाल्या व माला पूर्ण झाली असे सर्वांनी मानले. अठरा वर्षांनंतर, १९९० साली, लेखिकेने 'तेहानू' लिहिली आणि ही शेवटची असे जाहीर केले. तेही टिकले नाही. २००१ साली 'टेल्स फ्रॉम अर्थसी' हा कथासंग्रह आणि 'द अदर विंड' ही कादंबरी असे आणखी दोन ग्रंथ आले. म्हणजे पहिल्या कादंबरीच्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेली लेखिका शेवटच्या कादंबरीच्या वेळी सत्तरी ओलांडून गेली होती.

हा कालावधी ध्यानात ठेवला पाहिजे. बाजारात चालणाऱ्या बहुतेक मालांत लेखक वाचकाला तीच चव पुनःपुन्हा देतो आणि वाचकही तीच मागतो. येथे लेखिका तेहतीस वर्षांत स्वतः बदलली, तिच्या भोवतीचा समाज बदलला आणि तिने त्या बदलाच्या प्रकाशात स्वतःचेच जुने ग्रंथ पुन्हा वाचले. 'तेहानू' आणि 'द अदर विंड' या एका अर्थी पहिल्या तीन कादंबऱ्यांवरील टीकाच आहेत. फक्त ती टीका निबंधरूपाने न येता कथारूपाने आली आहे. जिच्यातच टीकेची वाट खुली ठेवली आहे अशा मालेवर निष्ठा ठेवणे आणि एखाद्या नायकाच्या पराक्रमांवर लुब्ध होणे या दोन गोष्टी एक मानता येणार नाहीत.

३

आता निष्ठा जडण्याचे कारण. भाषाभ्यासकाला अद्भुतकथेचा मोह पडावयाचा तर तो टॉल्किन यांच्या ग्रंथांचा पडावा, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. टॉल्किन हे स्वतः भाषापंडित. त्यांनी आपल्या कल्पित जगासाठी ध्वनिनियमांसह परस्परसंबद्ध भाषा रचल्या. त्यांपैकी एकीवर फिनिश भाषेची तर दुसरीवर वेल्श भाषेची छाया आहे. ल ग्विन यांच्याजवळ असे काही नाही. अर्थसीच्या आद्यभाषेतील फारच थोडे शब्द आपल्याला प्रत्यक्ष ऐकावयास मिळतात आणि व्याकरण तर जवळजवळ नाहीच. तेव्हा भाषेची रचना हे या आकर्षणाचे कारण असू शकत नाही. येथे जे आहे ते भाषेविषयीचे एक मत आहे, आणि ते आधुनिक भाषाविज्ञानाच्या पहिल्याच सिद्धांताच्या नेमके विरुद्ध आहे.

शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक आहे, हे फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहापासून आपण पहिल्या वर्गात शिकवतो. वाद मात्र फार जुना आहे. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात तो आहे. आपल्याकडे मीमांसकांनी शब्दार्थसंबंधास औत्पत्तिक म्हणजे स्वाभाविक व अपौरुषेय मानले, तर नैयायिकांनी तो संकेताधीन मानला. अर्थसीचे जादूगार मीमांसकांच्याही पुढे जातात. मीमांसकाच्या मते 'गो' या शब्दाचा गाईशी संबंध नित्य असला, तरी तो शब्द जाणल्याने गाय वश होत नाही. अर्थसीत ती होते. प्रत्येक वस्तूचे, प्राण्याचे आणि माणसाचे आद्यभाषेत एक खरे नाव असते आणि ते जाणणाऱ्यास त्या वस्तूवर सत्ता चालवता येते. म्हणून जादूचे शिक्षण म्हणजे मुख्यतः नामपाठ. रोक बेटावरील विद्यापीठाचे विद्यार्थी एका एकाकी मनोऱ्यात बसून नावांच्या याद्या पाठ करतात आणि मध्यरात्री त्या याद्यांची शाई पुसली जाते. अमरकोश तोंडपाठ करवून घेणाऱ्या पाठशाळांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वर्णन परके वाटू नये.

यादृच्छिकतेचा सिद्धांत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याला या कल्पनेचे आकर्षण वाटावे, याचे सोपे उत्तर असे देता येईल की, शास्त्राने हिरावून घेतलेले बालपणीचे शब्दसामर्थ्य त्याला येथे परत मिळते. हे उत्तर खरे असते, तर निष्ठेला नाद म्हणणारे बरोबर ठरले असते. परंतु ग्रंथांचे बारकाईने वाचन केल्यास असे दिसते की, नामसत्तेचे हे तत्त्व मांडता मांडताच लेखिका त्याला ठिकठिकाणी छेद देत गेली आहे. तीन उदाहरणे पुरेशी होतील.

पहिले उदाहरण फेसाचे. आद्यभाषेत समुद्राला 'इनियन' म्हणतात, पिसाला 'सुक' म्हणतात आणि या दोन शब्दांपासून घडलेला 'सुकियन' हा अर्थसीतील लोकांच्या रोजच्या भाषेत फेसाचा शब्द आहे. रोकचे नामविद्येचे आचार्य विद्यार्थ्यांना हा शब्द फोडून दाखवतात. आपल्या परिभाषेत हा षष्ठी तत्पुरुष झाला : समुद्राचे पीस. मूल हा तपशील वाचून आनंदाने पुढे जाईल. प्रौढ वाचक येथे थबकतो. खरे नाव जर वस्तूच्या स्वभावातूनच आले असेल, तर खऱ्या नावांपासून घडलेल्या या शब्दात रूपक कोठून आले? फेस पिसासारखा दिसतो तो कोणाला तरी दिसतो. रूपकाला पाहणारा लागतो, आणि पाहणारा आला की नाव निव्वळ वस्तूचे राहत नाही. एका समासाने संपूर्ण नामतत्त्वाच्या पायाखालची वाळू सरकते. लेखिकेने हे जाणून केले असे म्हणण्याचे प्रयोजन नाही. शब्द ग्रंथात आहे आणि तो हे काम करतो, एवढे समीक्षेला पुरे.

दुसरे उदाहरण ड्रॅगनांचे. आद्यभाषा बोलताना माणसाला असत्य बोलता येत नाही. ड्रॅगनांना मात्र येते. चार्ल्स हॉकेट यांनी मानवी भाषेची जी व्यवच्छेदक लक्षणे सांगितली, त्यांत असत्यकथनाची क्षमताही गणली आहे. त्या कसोटीवर पाहिले तर आद्यभाषा ही ज्यांची खरोखर भाषा आहे ते ड्रॅगनच होत. ती त्यांची मातृभाषा आहे. माणसांनी ती पाठ करून मिळवली आहे, आणि पाठ केलेल्या भाषेत माणूस फक्त बरोबर बोलू शकतो. जिच्यात लबाडी, विनोद आणि आडवळण साधते ती आपली भाषा, हे सत्य परभाषेत वावरलेल्या कोणासही पटेल.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे. अर्थसीतील माणसे आपले खरे नाव लपवतात आणि रोजच्या व्यवहारात टोपणनावाने वावरतात. खरे नाव सांगणे म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या हाती देणे होय. पहिल्या कादंबरीत गेड मत्सरापोटी एक निनावी छाया जगात आणतो, त्या अपराधाने खचतो आणि सर्वांनी टाळावा अशा अवस्थेला येतो. नेमक्या त्या वेळी त्याचा मित्र वेच त्याला न विचारता आपले खरे नाव सांगतो. येथे नावाचे सामर्थ्य ध्वनी आणि वस्तू यांच्या गूढ संबंधात उरत नाही. कोणी, कोणाला, कोणत्या क्षणी ते उच्चारले यात ते आहे. म्हणजे जादूच्या आवरणाखाली लेखिका ज्याचे वर्णन करते तो भाषिक व्यवहारच आहे, आणि यादृच्छिकतेच्या सिद्धांताला त्याने यत्किंचितही बाध येत नाही. नाव यादृच्छिक असूनही विश्वास यादृच्छिक नसतो.

येथे एक चरित्रविषयक वस्तुस्थिती नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. ल ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे विख्यात मानवशास्त्रज्ञ. १९११ साली उत्तर कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे याही जमातीचा एक माणूस प्रकट झाला. त्याचे सारे स्वकीय नष्ट झाले होते. स्वतःचे नाव स्वतः परक्याला सांगू नये अशी त्याच्या लोकांची रीत होती. तेव्हा क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटले. याना भाषेत या शब्दाचा अर्थ 'माणूस' एवढाच आहे. इशी १९१६ साली वारला आणि त्याचे खरे नाव त्याच्याबरोबरच गेले. ल ग्विन यांच्या आई थिओडोरा क्रोबर यांनी १९६१ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. या घटनेतूनच अर्थसी जन्मली असे अनुमान काढणे घाईचे होईल. पण ज्या घरात ही हकीकत लिहिली गेली, त्या घरच्या मुलीला नाव न सांगण्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नसेल, एवढे म्हणावयास हरकत नाही.

४

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पलायनवादाचा : अशा ग्रंथांत रमणारा प्रौढ आपल्या जगाकडे पाठ फिरवतो. या प्रश्नाचा विचार मराठी समीक्षेने निराळ्या निमित्ताने पूर्वीच केला आहे. १९२१ सालच्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात न. चिं. केळकर यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक परक्या जीवनाशी तादात्म्य पावतो, पण आपण आपणच आहोत हे भान त्याला सुटत नाही. या दुहेरी अवस्थेत वाङ्मयानंदाचे मूळ आहे, असा तिचा आशय. ही कल्पना सामाजिक कादंबरीला जितकी लागू आहे तितकीच अद्भुतकथेलाही आहे. किंबहुना अद्भुतकथेत भानाची बाजू अधिक बळकट असते. पुण्यातील वाड्याचे वर्णन वाचताना आपण क्षणभर तेथेच आहोत असा भ्रम होऊ शकेल. ड्रॅगनाशी संभाषण वाचताना तो होत नाही. अद्भुताचा प्रौढ वाचक फसत नाही. तो स्वखुशीने एक अट मान्य करतो आणि त्या अटीवर पुढचे सारे न्यायाने घडते की नाही हे काटेकोरपणे पाहतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निष्ठा आणि समीक्षा यांचे जमत नाही. भक्ताला दोष दिसत नाहीत, असे म्हटले जाते. याचे उत्तर तत्त्वाने देण्यापेक्षा दोष दाखवूनच द्यावे हे बरे. 'द फार्देस्ट शोअर' या कादंबरीत जगातील जादू ओसरू लागते. गायक पिढीजात गीते मधेच विसरतात, रंगारी आपली कला हरवून बसतात. भाषेच्या व परंपरेच्या मरणाचे हे चित्र मालेतील उत्कृष्ट भागांपैकी आहे. पण त्याच कादंबरीत गेड आपल्या तरुण सोबत्याला मृत्यूविषयी इतका आणि इतक्यांदा उपदेश करतो की, कथेचे गलबत वाऱ्यावाचून उभे राहते. 'तेहानू'च्या शेवटी अन्यायाची गाठ इतकी घट्ट बसते की ती सोडवण्यास आकाशातून ड्रॅगन आणावा लागतो. ज्या कादंबरीने सत्तेच्या सुटसुटीत उत्तरांवर अविश्वास दाखवला, तिला हा शेवट शोभत नाही. 'द अदर विंड'मध्ये महत्त्वाचे बरेच काही सभा-मसलतींत बोलून उरकले जाते. हे दोष एका वाचनात ठळक दिसत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वाचनात ते टोचू लागतात. म्हणजे दोष दिसावेत एवढे वाचन निष्ठेनेच घडवून आणले.

५

निष्ठेची खरी परीक्षा मात्र दोष दिसण्यात नाही. जे प्रिय होते त्याच्यावर लेखिकेनेच प्रश्नचिन्ह लावले म्हणजे ती परीक्षा सुरू होते. यासाठी तेनार या नायिकेकडे पाहिले पाहिजे.

'द टूम्ज ऑफ अटुआन'मध्ये तेनार ही पाच-सहा वर्षांची असताना तिला घरातून उचलून अनामिक देवतांच्या सेवेस वाहिले जाते. तिचे नाव काढून घेतात आणि तिला 'आरहा', म्हणजे भक्षिली गेलेली, म्हणू लागतात. पुढे भूमिगत चक्रव्यूहात सापडलेला गेड तिला तिचे जुने नाव परत देतो आणि मग आपलेही सांगतो. ही घटना मराठी वाचकाला, विशेषतः वाचिकेला, अमेरिकन वाचकापेक्षा वेगळी जाणवणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे विवाहसमयी वधूचे नाव बदलून ताटातील तांदळांत नवे नाव लिहिण्याची चाल अनेक घरांत होती व काही घरांत अजूनही आहे. पतीचे नाव उच्चारू नये हा दंडक, आणि तो मोडण्याची समाजमान्य संधी म्हणून उखाणा. 'नाव घेणे' या साध्या शब्दप्रयोगाला आपल्या भाषेत जो विशेष अर्थ आला आहे तो याच व्यवहारातून. पत्रिकेतले नावरस नाव वेगळे, बारशाचे वेगळे, हाक मारण्याचे वेगळे, हेही आपल्या परिचयाचे. नावे दडवणाऱ्या व बदलणाऱ्या या समाजातून अर्थसीत जाणाऱ्याला तेथील रिवाज अद्भुत वाटण्यापेक्षा ओळखीचेच वाटतात. मालेच्या नावातील पहिला अवयव इंग्रजीत पृथ्वीवाचक असला, तरी देवनागरीत लिहिताच तो 'अर्थ' होतो, हा योगायोगही मराठी डोळ्याला चुकत नाही.

परंतु पहिल्या तीन कादंबऱ्यांत एक गोष्ट गृहीत होती. नावे देणारे, नावे जाणणारे आणि नावे परत करणारे सारे पुरुष होते. रोकच्या विद्यापीठात स्त्रीला प्रवेश नव्हता. तरुण वयात ही माला वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी ते जगाच्या नकाशाइतकेच सहज मान्य केले. 'तेहानू'त तेनार प्रौढ आहे, एका शेतकऱ्याची विधवा आहे आणि गावात तिला 'गोहा' या साध्या नावाने ओळखतात. वृद्ध जादूगार ओगियन मरताना आपले खरे नाव तिला सांगून जातो. मागाहून आलेले दोन विद्वान जादूगार ते नाव कोणालाच माहीत नाही म्हणून हळहळतात. ती नाव सांगते, तर ते प्रथम तिच्याकडे लक्षच देत नाहीत. जे शास्त्र सर्वस्वी नावांवर उभे आहे, त्याचे आचार्य समोर उच्चारलेले नाव ऐकू शकत नाहीत. चार-दोन ओळींच्या या प्रसंगात लेखिकेने आपल्याच पूर्वग्रंथांवर जेवढी टीका केली आहे, तेवढी कोणा प्रतिकूल समीक्षकाला साधली नसती. त्यापूर्वी पाच वर्षे, १९८५ साली, तिने एक छोटी कथा लिहिली होती. तीत आद्य स्त्री सर्व प्राण्यांची नावे काढून घेते आणि शेवटी आपलेही परत करते. नामसत्तेविषयीची ही शंका तेव्हापासूनच कथारूप घेऊ लागली होती.

'तेहानू'ने जुन्या वाचकांत दुही पडली. गेड सामर्थ्यहीन होऊन शेळ्या राखतो, पराक्रमाच्या जागी स्वयंपाक, धुणी व भाजलेल्या मुलीची शुश्रूषा येते, हे अनेकांना रुचले नाही. त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. ज्याने चौदाव्या वर्षी गेडबरोबर समुद्र ओलांडला, त्याच्याकडून बालपणाचा एक ठेवाच हिरावून घेतल्यासारखे झाले. प्रौढपणी या मालेत प्रवेश करणाऱ्याची स्थिती निराळी असते. त्याच्यापाशी जपण्यासारखा ठेवा नसतो. त्याने तोपर्यंत सत्ता जाणारी माणसे पाहिलेली असतात, घरातील आजारपणे काढलेली असतात, आणि सभेत कोणाचे बोलणे ऐकले जाते व कोणाचे नाही हेही पाहिलेले असते. म्हणून पहिल्या कादंबरीपेक्षा चौथीच त्याला आपली वाटण्याचा संभव अधिक. प्रौढ निष्ठा ही बालनिष्ठेची उशिरा आलेली प्रतिकृती नव्हे. मुलाची निष्ठा पुढे काय होते या उत्कंठेवर पोसते. प्रौढाची निष्ठा, झाले ते तसे का झाले, या विचारावर.

६

मालेचा शेवट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तिसऱ्या कादंबरीपर्यंत अर्थसीतील मृतांचा प्रदेश म्हणजे दगडी भिंतीपलीकडची एक कोरडी, निःशब्द भूमी आहे. 'द अदर विंड'मध्ये असे उघड होते की, ही भूमी जगाच्या स्वभावातून आलेली नाही. पुराकाली मानव व ड्रॅगन एकच होते. विभागणी झाली तेव्हा ड्रॅगनांनी स्वातंत्र्य घेतले आणि माणसांनी संपत्ती. पुढे जादूगारांनी नावांच्या बळावर अमरत्व मिळवू पाहिले आणि ड्रॅगनांच्या वाट्याचा प्रदेश बळकावून भिंत घातली. खऱ्या नावांनी मृतांना तेथे जखडून ठेवले. ज्या कार्ग लोकांना खरी नावे नाहीत, म्हणून ज्यांना रोकचे पंडित रानटी समजत आले, ते मात्र मरतात आणि जगाच्या चक्रात परत मिसळतात. शेवटी भिंत पाडली जाते.

म्हणजे पहिल्या पानापासून जी विद्या परमोच्च मानली, तिच्या मुळाशीच अपहार होता असा हा निर्णय आहे. फेसाच्या समासात जी शंका डोकावली होती, ती येथे सिद्धान्त होऊन उभी राहते : नाव देणे म्हणजे जाणणे खरे, पण नावाने धरून ठेवणे म्हणजे जाणणे नव्हे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हा निर्णय केवळ कथेतला म्हणून सोडून देता येत नाही. आपणही नावे देतो. बोलींना, जातींच्या भाषांना, शब्दांच्या वर्गांना आपण नावे देतो आणि ती कोशांत व नकाशांत बसवतो. एखाद्या समाजाच्या बोलण्याला 'बोली' म्हणावे की 'भाषा' म्हणावे हे ठरवताना त्या समाजाला विचारण्याची पद्धत आपल्यात फारशी नाही. क्रोबर यांनी इशीला नाव दिले ते सद्भावनेने आणि नाइलाजाने; तरीही ते त्याचे नाव नव्हते. ही जाणीव पाठ्यपुस्तकातून मिळू शकते, नाही असे नाही. प्रस्तुत लेखकाला ती सहा अद्भुतकथाग्रंथांतून अधिक टोकदारपणे मिळाली.

यावरून एक मर्यादित निष्कर्ष काढता येईल. प्रौढाची प्रत्येक वाङ्मयीन निष्ठा योग्यच असते असे नाही. जी माला वाचकाला तेच ते देऊन त्याच ठिकाणी ठेवते, तिच्यावरील निष्ठेला नाद म्हणण्यास प्रत्यवाय नाही, मग ती माला अद्भुताची असो की शुद्ध वास्तवाची. परंतु जी माला स्वतःच्या गृहीतांची झडती घेते आणि वाचकालाही ती घ्यावयास लावते, तिच्यावरील निष्ठा हा व्यासंगाचाच एक प्रकार होय. विषय अद्भुत की वास्तव यावरून हा भेद ठरत नाही. ग्रंथ वाचकाकडून काय मागतो यावरून तो ठरतो. आपल्या समीक्षेने अद्भुताला कादंबरीच्या बालपणात ढकलून जी भिंत घातली, ती घालताना कोणते ग्रंथ पलीकडे राहिले, 'मुक्तामाला' व 'मंजुघोषा' यांचे वाचक त्या कृतींत नेमके काय शोधत होते, आणि ते वाचक खरोखरच अपरिपक्व होते काय, हे प्रश्न आता नव्याने विचारले पाहिजेत. या विषयावर आपल्या विभागात पद्धतशीर काम होण्यास पुष्कळ वाव आहे, आणि असे काम ज्याला त्या जुन्या कादंबऱ्या मनापासून आवडतात त्याच्याच हातून ते उत्तम होईल.